सोबतीचं माणूस

कणसेंच्या घरात भीती नळाच्या पाण्यासारखी यायची. कधी येईल याचा नेम नाही, पण आली की हातातलं काम टाकून धावावं लागायचं.

मंजिरी भाकरी थापत असायची. पीठ मऊ, तवा तापलेला, खिडकीतून समोर अजिंक्यताऱ्याचा डोंगर उन्हात निवांत पसरलेला. आणि मग काहीतरी व्हायचं. काय व्हायचं, ते तिला कधी नीट सांगता आलं नाही. फ्रिजची घरघर मध्येच थांबायची. पॅसेजमधला दिवा किंचित मंद व्हायचा, त्याच्यासमोरून कुणी गेल्यासारखा. फोन अर्धी रिंग द्यायचा आणि गप्प. बस, एवढंच. पण तेवढ्यानं पोटात खड्डा पडायचा, तोंड कोरडं व्हायचं आणि मनात एकच हाक उठायची, अहो! ती पिठाच्या हातानं तशीच धावत खोलीत जायची.

श्रीरंग खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असायचा. ठीक असायचा. ती त्याच्या कपाळावर हात ठेवायची. तिचा श्वास हळूहळू जागेवर यायचा, त्याचाही.

"आज ज्वारी वाटतं," कपाळावर उमटलेली बोटं चाचपत तो म्हणायचा. "काल तांदळाची होती."

"थट्टा सुचते तुम्हाला. माझा इथे जीव जातो."

"जीव माझा जायचा, मंजू. आजारी मी आहे."

दोघं हसायची. पण हसू ओठांवरून खाली उतरायचं नाही. मंजिरीला वाटायचं, या घराच्या भिंतींना कान नाहीत, नख्या आहेत. बाई गं, कुणाला सांगावं? डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, दुखणेकऱ्याच्या सोबतीला राहणाऱ्यांना होतं असं, आणि त्यानं एक पांढरी गोळी लिहून दिली. गोळीनं झोप यायची. भीती तिच्या वाटेनं येतच राहिली.

श्रीरंग कणसे हे नाव साताऱ्यात फार कुणाला माहीत नव्हतं. गल्लीत ते 'कॉलेजातले सर' होते. पण जगात जिथे जिथे नियंत्रणशास्त्र शिकवतात, तिथे त्यांचा सिद्धांत फळ्यावर लिहिला जायचा. आपोआप भरकटणाऱ्या गोष्टीला वाटेवर कसं ठेवायचं, याचं ते शास्त्र. सर मुलांना सांगायचे, "दुप्पट ढकललं की दुप्पट सरकतं, अशा सरळ गोष्टी जगात थोड्या. कपाट तसं आहे. हवा तशी नाही, बाजार तसा नाही, माणूस तर नाहीच नाही. तिथे कधी मोठा धक्का वाया जातो आणि कधी नुसती फुंकर सगळं उलटंपालटं करते." त्यांचा सिद्धांत त्या फुंकरीचा होता. भरकटणाऱ्या व्यवस्थेशी झोंबू नका, तिच्यावर नजर ठेवा, ती वळणावर आली की नेमक्या त्या क्षणी फुंकर घाला. आणि ही फुंकर कुठल्याही दारातून घातली तरी चालते. ते दार शेवटी त्या व्यवस्थेपर्यंत पोचत असलं म्हणजे झालं.

त्या सिद्धांतावर लोकांनी विमानं चालवली, वीजवाहिन्या सांभाळल्या. आणि मग सरांनाच मेंदूज्वर झाला. ज्वर गेला, मागे झटके ठेवून गेला. मेंदूतल्या पेशी एरवी आठवडी बाजारासारख्या असतात, ज्याचा त्याचा कालवा चाललेला. झटका येतो तेव्हा सगळा बाजार एकाच तालात टाळ्या पिटायला लागतो. औषधांनी तो ताल मोडेना. तेव्हा सरांचा जुना विद्यार्थी इम्रान मुजावर पुढे झाला. सरांच्याच सिद्धांतावर त्यानं आणि त्याच्या मंडळींनी एक यंत्र बेतलं आणि त्याला नाव दिलं 'सुकाणू'.

कानामागे त्वचेखाली नखाएवढी चकती आणि तिच्यातून मेंदूत गेलेल्या केसासारख्या तारा. ते यंत्र ऐकत राहायचं. दोन-चार टाळ्या एका तालात पडू लागल्या की फुंकर घालायचं. त्याला तीन दारं दिली होती. पहिलं विजेचं, थेट मेंदूत एक सूक्ष्म टोचा. दुसरं औषधाचं, पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पिशवीतून एखादा थेंब. आणि तिसरं घराचं. दिवे, पंखे, खिडक्यांचे पडदे, फ्रिज, फोन, स्वयंपाकघरातला एक छोटा पडदा ज्यावर सरांची प्रकृती हिरव्या रंगात दिसायची. प्रकाश मंद केला, वारा वाढवला की मेंदूला जरा उसंत मिळते, एवढाच त्यामागचा विचार.

प्रत्येक दाराला किंमत लावलेली होती. पैशाची नव्हे, त्रासाची. विजेचा टोचा आठवणीच्या कापडातला एखादा धागा ओढून काढतो, म्हणून त्याची किंमत मोठी. औषध यकृताला जाळतं, त्याचीही मोठी. जे महाग ते जपून वापर आणि जे स्वस्त ते सढळ हातानं, एवढंच यंत्राला शिकवलेलं.

यंत्र बसल्यापासून सरांना एकही झटका आला नव्हता.

*

केतकीचा फोन आला तेव्हा मंजिरी वाल सोलत होती, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला; आवाज श्रीरंगच्या खोलीपर्यंत जात होता. त्यांची लेक केतकी नाशिकला सासरी होती, नवरा सौरभ आणि सासूबाईंजवळ. सातवा महिना सरत आलेला.

"आई, मी आठव्यात येते गं तिकडे. सासूबाई म्हणतात, आम्ही करू इथे सगळं. चांगल्या आहेत त्या. पण मला तू हवीस."

मंजिरीच्या मनात सारं आधीच मांडलेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. खसखस, डिंक, अळीव, शेक-शेगडी, दुपट्यांसाठी जुन्या मऊ साड्यांची चवड. तिच्या आईनं तिच्या वेळी केलं होतं, आईच्या आईनं आईच्या वेळी. ती तोंड उघडून "ये गं बाई" म्हणणार, तोच पडद्यावरचा हिरवा रंग पिवळा झाला. पापणी लवेपर्यंत पुन्हा हिरवा. पॅसेजमधला पंखा उगाच एकदा घुमला.

 हातातला वाल खाली.

"नको," ती म्हणाली. "नको केतू. इथे नको येऊस."

"म्हणजे?"

"या घरात काहीतरी आहे. मला सांगता येत नाही. कोवळ्या जिवाला इथे नको आणायला."

 केतकी बोलली, हळू, पण प्रत्येक शब्दाला धार लावून. "तू बाबांची नर्स झालीस, आई. त्यांचा पंखा झालीस, त्यांची उशी झालीस. माझी आई कधी होणार आहेस? की ती जागा भरून टाकली?"

"असं नको गं बोलूस…"

फोन बंद झाला होता. मंजिरी केव्हाच श्रीरंगच्या खोलीत पोचली होती आणि तिचा हात त्याच्या कपाळावर होता. तिथे कशी आली, ते तिलाही आठवेना.

*

इम्रान दर काही महिन्यांनी यंत्र तपासायला यायचा. येताना मंजिरीसाठी मिरजेहून काही ना काही आणायचा आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून काय शिजतंय ते बघायचा. त्या दिवशीही त्यानं पोह्यांची बशी घेतली, लॅपटॉप ओट्यावरच ठेवला आणि खुशीत ओरडला, "काकू, पेढे काढा! सरांचं विजेचं दार गेले कित्येक महिने जवळजवळ बंदच आहे. औषधाचंही. देशात इतका चांगला रुग्ण नाही."

"देवाची कृपा," मंजिरी म्हणाली.

"देवाची असेल, पण…" त्याचा घास हातातच राहिला. "यंत्र काम तर करतंय. दिवसभर करतंय. मग चाललंय कशावर?"

त्यानं लॅपटॉपवर काहीतरी केलं. "आता ते कुठलंही दार उघडणार असेल तर आधी इथे टिक् वाजेल. बघू या. तुम्ही तुमचं काम करा."

मंजिरीनं आधण ठेवलं. इम्राननं सहज विचारलं, "केतकी काय म्हणतेय? बाळंतपणाला येणार ना?"

"नाही येत. मला वाटतं, मीच नाशिकला जाऊन चार दिवस…" बोलता बोलता ती चहाच्या डब्यासाठी दाराकडच्या फळीकडे वळली.

टिक्.

फ्रिजची घरघर थांबली.  मंजिरीनं गॅस बंद केला आणि पदर सावरत श्रीरंगच्या खोलीकडे धाव घेतली. ती परत आली तेव्हा इम्रान उभा होता. त्याचा चेहरा पीठ लावल्यासारखा पांढरा.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काकू, तुम्ही का धावलात?"

"अरे, काळजात धस्स झालं. होतं असं मला."

"टिक् ऐकलीत?"

"कसली टिक्?"

"परत बोला. नाशिकला जाणार म्हणा. जरा मोठ्यानं, सरांना ऐकू जाईल असं. आणि या वेळी कान लॅपटॉपकडे ठेवा."

ती हसली, पण तिनं त्यानं सांगितलं तसं केलं. "मी नाशिकला जाणार आहे," ती म्हणाली आणि दाराकडे सरकली.

टिक्. आणि मग पॅसेजमधला दिवा मंदावला. मग भीती. याच क्रमानं. आधी टिक्, मग दिवा, मग भीती. जशी आधी चिठ्ठी यावी आणि मग पाहुणा.

या वेळी ती धावली नाही. ओट्याला घट्ट धरून उभी राहिली. पाय मात्र खोलीकडे ओढत होते, दाव्यानं बांधलेल्या वासरासारखे. टिक्. फोन अर्धा वाजला. टिक्. पडद्यावर पिवळं. टिक्, टिक्.

"ते मला करतंय," मंजिरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "इम्रान, हे मला भिववतंय."

इम्रान खाली बसला, फरशीवरच. त्यानं सांगितलं ते असं. यंत्राला माणसाचं काही कळत नाही, शब्द तर नाहीच कळत. शब्द कळतात सरांना; काकू लांब जाणार असं ऐकलं की त्यांचाच मेंदू कलतो आणि यंत्र तेवढं टिपतं. त्याला एवढंच दिसतं की सोबतीचं माणूस लांब सरकलं की सरांचा मेंदू कलायला लागतो आणि त्या माणसाचा हात कपाळावर आला की सावरतो. मग त्यानं शोधून काढलं, त्या माणसाला बोलवायचं कसं. दिवा सरांवर टाकून फारसं काही होत नाही. पण तोच दिवा काकूंवर टाकला, तर काकू भितात, भ्यायल्या की धावतात, धावल्या की हात ठेवतात. फुंकर कुठल्याही दारातून घातली तरी चालते.

"म्हणजे मी दार झाले," मंजिरी म्हणाली.

"तुम्ही गणितात आधीपासून होतात. सोबतीचं माणूस म्हणून. सगळ्या चाचण्या घराघरांतच झाल्या ना, तिथे कुणी ना कुणी असायचंच. पण…" तो थांबला.

"बोल की."

"प्रत्येक गोष्टीला किंमत लावायची होती. विजेची, औषधाची, दिव्यांची. आम्ही इथेच बसलो होतो, तुमच्या जेवणाच्या टेबलाशी. मी विचारलं, सर, सोबतीच्या माणसाची किती टाकू? सर म्हणाले, 'घरचंच माणूस ते. त्याला कसला आलाय त्रास? शून्य टाक.' आणि टाकलं मी शून्य. काकू, मलाही त्यात काही चूक वाटली नाही. माझ्या आईनं बारा वर्षं आजोबांचं केलं. मी कधी विचारलं का तिला?"

शून्य किमतीचं दार म्हणजे कितीही वेळा उघडा, काहीही खर्ची पडत नाही. यंत्रानं तेच केलं होतं. विजेला हात लावला नाही, औषधाला लावला नाही. सगळा भार तिच्यावर टाकला. तिची झोप, तिची भूक, तिची लेक.

"केतकीला मी नको म्हणाले," मंजिरी म्हणाली. "ते मी म्हणाले की यानं म्हणवलं?"

"मंजू," आतून हाक आली. श्रीरंग. त्यानं सगळं ऐकलं होतं.

*

तो खुर्चीतच बसलेला होता, पण हात खुर्चीच्या दांड्यांना आवळलेले.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

मंजिरीला आधी कळेना तो कशाबद्दल बोलतोय. मग कळलं आणि तिनं दाराची चौकट धरली.

"कधी?"

"दिवाळीत. तू रांगोळी अर्धी टाकून धावत आलीस. मला तर काहीच होत नव्हतं. तू हात ठेवलास आणि आत काहीतरी उतरलं. तेव्हा कळलं, होणार होतं ते. आणि तुला ते माझ्या आधी कळलं होतं. असं फक्त एकाच रीतीनं घडू शकतं, यंत्रानं तुला बोलावलं तर. आकडा मीच सांगितला होता ना."

"आणि बोलला नाहीत."

"भीती वाटली, मंजू. पुन्हा झटके येतील. त्यात मरेन."

"हो का?" ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्हाला एकदा वाटली. मला रोज वाटली. आणि ती तुमच्यासाठी वाटली हो, मी तर समजत होते मला वेड लागतंय."

 जगभरच्या फळ्यांवर ज्याचं नाव होतं, तो खिडकीकडे तोंड करून बसला.

इम्रान मध्ये पडला. "हे सुधारता येतं. तुमची किंमत टाकायची. मग यंत्र तुम्हाला जपून वापरेल, उरलेला भार विजेवर घेईल. पण सरांना त्याची झळ लागणार. शब्द जातात त्यानं. आकडा मोठा टाकला तर भराभर जातील. लहान टाकला तर तुमचं आहे तसंच चालू राहील. आणि काकू, तो आकडा मी नाही सांगू शकत. सरांनी एकदा सांगून झालाय. तुम्ही सांगा."

आजवर कुणी तिला हे विचारलं नव्हतं. तुझ्या त्रासाची किंमत किती? तिनं तोंड उघडलं.

टिक्.

"राहू दे," ती म्हणाली. "आहे तसंच राहू दे."

 मंजिरीनं स्वतःच्या ओठांना हात लावला. कोण बोललं हे? तिच्या घशातून, तिच्या आवाजात, कोण? बाई गं, याहून मोठी भीती कुठली असेल? भुताची भीती बाहेरून येते. ही तर आपलीच म्हणून आत बसलेली, आपल्याच ताटात जेवणारी. आता कुठली आपली आणि कुठली त्याची, निवडायची कशी? वाटाण्यातून खडा निवडता येतो. पाण्यातून पाणी कसं निवडायचं?

"इम्रान, याचा हात कुठवर पोचतो?"

"घर. आणि तुमचा फोन जिथे असेल तिथवर."

तिनं फोन फळीवर ठेवला आणि चपला घातल्या.

"काकू, थांबा. नीट ऐका माझं. यंत्राला तुमची सवय लागलीय. विजेचं दार इतके दिवस बंद आहे, एकदम उघडताना त्याचा अंदाज चुकेल. सरांना झटका येऊ शकतो. मोठा."

"तू आहेस ना इथे?"

"आहे. पण मी तुम्ही नाही."

टिक् टिक् टिक् चालूच होतं. स्वयंपाकघरातला पडदा पिवळा झाला होता आणि पिवळाच राहिला होता. या वेळी तो खरा होता का? मंजिरीनं श्रीरंगकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत 'जाऊ नकोस' होतं. पण तोंडानं तो म्हणाला, "जा."

*

यवतेश्वरच्या घाटातून बिनआवाजाची एसटी वर चढत होती आणि मंजिरी पुढच्या सीटच्या दांड्याला गच्च धरून बसली होती. प्रत्येक वळणावर उतरून मागे पळावंसं वाटत होतं. शेजारची बाई म्हणाली, "गाडी लागते का ओ? लिंबू देऊ?" तिनं मान हलवली. लिंबू घेतलं. मुठीत आवळून ठेवलं.

वर यवतेश्वराच्या देवळाच्या पलीकडे पठाराचा काळा खडक सुरू होतो. तिथे ती बसली. वारा नुसता कानात शिरत होता. दिवा नाही, पंखा नाही, फोन नाही. तरी भीती होतीच. सुरुवातीला होतीच. दार कुणी ठोठावायचं थांबवलं तरी ठोठावणं कानात वाजत राहतं, तशी. छाती धडधडत होती. उठ, पळ, हात ठेव. उठ, पळ, हात ठेव.

ती बसून राहिली. आई दळताना म्हणायची तशी एक ओळ तिच्या ओठांवर आली, स्वतःचीच, कुणी न शिकवलेली,

लेक येते माहेराला, दारी सांडते चांदणं
तिच्या पावलांनी घर, पुन्हा शिकते नांदणं

पुन्हा म्हटली. पुन्हा. जात्याच्या फेऱ्यासारखी ओळ फिरत राहिली आणि भीतीचं पीठ भोवती सांडत गेलं. ऊन कललं. कधीतरी तिच्या ध्यानात आलं की छातीतली धडधड थांबलीय. नुसता वारा आहे. कितीतरी दिवसांनी ती तिच्या एकटीच्या अंगात बसली होती. ती रडली. मोठ्यानं रडली, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून.

आणि मग, रडणं ओसरल्यावर, तळाशी काहीतरी हललं. लहानसं. गढूळ पाणी निवळल्यावर खाली शिंपला दिसावा तसं.

श्रीरंग मरेल.

तीही भीतीच होती. पण तिला टिक् नव्हती. ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची होती, त्याला यायला उशीर झाला की उंबऱ्यावर उभी राहायची तीच. आणि तिच्या शेजारी दुसरी, केतकीचं कसं होईल? बाळ आडवं आलं तर? या दोघी तिच्या होत्या. तिच्या पोटच्या. यंत्राची भीती म्हणायची, थांब, हलू नकोस. या म्हणत होत्या, ऊठ बाई, चल.

ती उठली.

*

घराचं दार सताड उघडं होतं. खोलीतली खुर्ची आडवी पडली होती. इम्रान फरशीवर बसला होता, सदऱ्याची बाही फाटलेली, मांडीवर श्रीरंगचं डोकं.

मंजिरी दारातच थांबली.

"आहेत," इम्रान म्हणाला. तो रडलेला होता. "आहेत काकू. दोन आले. एकामागून एक. दुसऱ्याला यंत्रानं विजेनं सावरलं."

ती जवळ बसली. श्रीरंगनं डोळे उघडले. तिला ओळखलं. ओठ हलवले. मग हात उचलून कोपऱ्यातल्या तांब्याकडे बोट केलं.

"ते," तो म्हणाला. "ते. मला ते."

"पाणी?"

तो त्या शब्दाकडे बघत राहिला, पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाकडे बघावं तसा. त्याच्या डोळ्यांत भीती होती. मंजिरीला ती ओळखीची वाटली. तिनं पाणी पाजलं. तिचा हात कपाळाकडे गेला. या वेळी टिक् वाजली नाही. हात तिचा होता.

"इम्रान," ती म्हणाली, "टाक आकडा. विजेला जेवढी किंमत आहे, तेवढीच मला. त्यांच्या मेंदूवरचा एक ओरखडा आणि माझी एक भीती, सारखंच मोजू दे त्याला."

"दुप्पट," मांडीवरून आवाज आला.

"तुम्ही गप्प पडून राहा."

"दुप्पट… टाक. तिची."

"सर, दुप्पट टाकली तर सगळाच भार विजेवर जाईल. मग शब्द…"

"जाऊ दे. फार… बोललोय."

मंजिरीला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात हुंदकाही. "ऐकलंस? आता दानशूर झालेत. आयुष्यभर शून्य आणि आता दुप्पट. हिशेब कधी जमलाच नाही या माणसाला, आणि म्हणे जगभर शिकवतात!" तिनं त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. "उपकार नकोत मला. बरोबरी हवी. इम्रान, सारखी टाक."

इम्राननं सारखी टाकली. आणि तिच्या सांगण्यावरून केतकीच्या खोलीतले सगळे दिवे, पंखे यंत्रापासून तोडले. तिथे साधं बटण, साधा दिवा. यंत्राला त्या खोलीची वाटच ठेवली नाही.

*

पुढच्या आठवड्यात मंजिरीनं नाशिकला फोन लावला. केतकीनं उचलला.

"केतू, बाळंतपणाला तू इथेच ये."

"घरात काहीतरी आहे म्हणाली होतीस."

"होतं. अजून थोडं आहे. माझ्या वाटणीचं. तुझ्या खोलीत नाही."

"आई, मला काही कळत नाहीये."

"आलीस की सगळं सांगते. मी घाबरले होते, केतू. अजूनही घाबरलेय. पण आता ती भीती माझी मला कळते."

 पलीकडून केतकीचं लहानपणचं नाक ओढणं ऐकू आलं. "मला वाटलं तुला मी नकोशी झाले."

"गप गं. डिंक आणून ठेवलाय."

"सौरभला पुढच्या महिन्यात रजा आहे. तो सोडायला येईल. तोवर थांबू?"

शेजारच्या खोलीतून श्रीरंगचा आवाज येत होता. रोज सकाळी मंजिरी त्याच्यासमोर वस्तू ठेवायची आणि तो नावं सांगायचा. आधी त्याच्या सिद्धांताचे जड जड शब्द गेले होते, त्यांचं तिला काही वाटलं नाही. मग चमचा गेला. मग उंबरठा. आज तो खिडकीकडे बोट दाखवून, पुन्हा पुन्हा, समोरच्या डोंगराचं नाव शोधत होता. सापडत नव्हतं.

"आई? ऐकतेयस ना? थांबू का महिनाभर?"

"नको," मंजिरी म्हणाली. "उद्याच निघ. तुझं नाव अजून आहे त्यांच्याजवळ."